चिपसोना बटाटा: तळणीला अव्वल, रश्श्याला नको (काही महिन्यांच्या वापरानंतर)

फिंगर चिप्स बाहेरून काळपट आणि आतून लिबलिबीत झाल्या की सगळे तेलाला नाहीतर करणाऱ्याच्या हाताला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष बटाट्याचा असतो. फेब्रुवारीतल्या नव्या मालापासून पावसाळ्यातल्या कोल्ड स्टोरेजच्या मालापर्यंत कुफरी चिपसोना सलग वापरून हे मत पक्कं झालं आहे.

सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने चिपसोना-१ आणि चिपसोना-२ हे वाण १९९८ मध्ये खास वेफरसाठी दिले. दुकानात हे नाव फारसं चालत नाही, ‘वेफरचा बटाटा’ म्हणूनच मागा. यात घनभाग (पाणी वगळून उरणारा भाग) २० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज अगदी कमी. पुखराज या दुसऱ्या वाणात पाणी जास्त, म्हणून तो कितीही तळा, मऊच राहतो. काळपटपणा मात्र साखरेचा: तापलेल्या तेलात ती अमिनो आम्लांशी संयोग पावते, रंग चढतो आणि चव कडवट होते. काही ठिकाणी हाच बटाटा ‘शुगर-फ्री’ म्हणून विकतात. मधुमेह असलेल्यांनी त्या नावावर जाऊ नये. यातला स्टार्च भरपूरच आहे आणि पोटात त्याचं ग्लुकोजच होतं.

माल खरा आहे का हे घरी तपासता येतं. एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवा आणि बटाटा सोडा. तळाशी गेला तर तळणीचा, तरंगला तर भाजीचा. एकाच पिशवीत दोन्ही निघतात, म्हणून पाच-सहा नग तरी बघा.

फिंगर चिप्ससाठी एक सेंटिमीटर जाडीच्या कांड्या कापा आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून पाच-सहा मिनिटं उकळा. आंबटपणामुळे कांड्या फुटत नाहीत. कापडावर पूर्ण कोरड्या करा. पहिलं तळण १५० ते १६० अंशांवर चार मिनिटं, रंग येऊ न देता. मग काढून गार होऊ द्या. दुसरं १८५ ते १९० अंशांवर, दोन-तीन मिनिटं. लिटरभर शेंगदाणा तेलात एका वेळी पाव किलोच. जास्त कोंबल्या तर तापमान कोसळतं, वाफ जोरात सुटत नाही आणि कांड्या तेलकट होतात. मीठ तळून झाल्यावरच. एक उणीव आहे: नग गोलसर असल्यामुळे कांड्या आखूड निघतात. लांब हव्या असतील तर कुफरी फ्रायसोना शोधा.

बटाटेवड्यासाठी हा मला सर्वांत आवडला. सारण कोरडं आणि मोकळं होतं, त्यामुळे वडा तेलात फुटत नाही. फक्त कुकरच्या जास्त शिट्ट्या करू नका: साल तडकली की पाणी आत शिरतं आणि वाणाचा फायदाच संपतो. सालीसकट, चाळणीवर वाफवणं उत्तम. उकडल्यावर गरम असतानाच सोलून ताटात पसरून ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. गरम सारणाचे गोळे केले तर आतली वाफ पिठाचं आवरण फोडते.

काचऱ्या लोखंडी तव्यावर छान कुरकुरीत होतात, पण चकत्या धुऊन पुसल्याशिवाय टाकल्या तर तव्याला धरतात. उपवासाच्या किसाचंही तसंच, स्टार्च जास्त असल्याने गोळा होतो. कीस दोन पाण्यांतून काढून घट्ट पिळा आणि झाकण ठेवू नका. रस्साभाजीसाठी मात्र हा घेऊच नये. फोडी विरघळतात आणि रस्सा पिठूळ होतो.

खरी कसोटी साठवणीची. खाण्याचा बटाटा बहुधा २ ते ४ अंशांवर साठवतात आणि त्या थंडीत स्टार्चची साखर होते. वेफरचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात, म्हणून पावसाळ्यात घेताना तो कुठल्या स्टोरेजचा हे विचारा. घरी फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत, कांद्यापासून दूर ठेवला तर तीन-चार आठवडे सहज टिकतो. उन्हाळ्यात कोंब लवकर येतात, तेव्हा थोडाच आणा. हिरवट झालेला नग टाकून द्या. तळल्यावर रंग गडद आलाच, तर उरलेला बटाटा दोन आठवडे खोलीच्या तापमानाला राहू द्या. साखर बरीच उतरते, पूर्ण नाही. तोवर त्याचे वडे करा, आत उकडलेल्या सारणाला रंगाची अडचण नसते.