शिसं बघायला फ्लेम एएएस की आयसीपी-एमएस?
निपाणीच्या भाच्याचा फोन, मामा बोअरचं पाणी बेळगावला तपासायला नेतोय, कुठल्या मशीनवर करू, फ्लेम एएएस (ज्योतीत धातूनं किती उजेड शोषला ते मोजणारं) की आयसीपी-एमएस (आर्गॉन वायूच्या तापलेल्या प्लाझ्मात धातूचे आयन करून वजनानं मोजणारं)? बघ की, पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी (अब्जात दहा भाग), आणि फ्लेमला शिसं नुसतं दिसायलाच साधारण तेवढं लागतंय, मग रिपोर्टात 'आढळलं नाही' आलं तरी शून्य नव्हे रे, मशीनला दिसलं नाही एवढंच! आयसीपी-एमएस १ पीपीबीच्याही खूप खाली जातंय, पण महाग, आर्गॉन घटाघटा पितंय, खारट पाणी पातळ करूनच घालावं लागतंय. फ्लेम स्वस्त, सोपं. लोखंड, जस्त बघायचं तर फ्लेम बास. प्यायच्या पाण्यातलं शिसं, आर्सेनिक असेल तर आयसीपी-एमएसच, आणि एलओक्यूचा, म्हणजे मशीन खात्रीनं मोजू शकतंय त्या सगळ्यात कमी प्रमाणाचा, आकडा लिहूनच घे.