फुकट सल्ला देणारं ऑफिस आणि पैसे घेणारं ऑफिस

व्हिसाचा सल्ला देणाऱ्या दोन ऑफिसांचा एकत्र रिव्ह्यू टाकतेय, दोन्ही मेलबर्नमधली. नावं टाकत नाही, एकाशी भांडण चालूय आणि दुसऱ्याकडे माझी केस आहे.

पहिलं किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बाहेर मोठ्ठा बोर्ड, फ्री कन्सल्टेशन. आतला माणूस मराठीच निघाला, ताई ताई करत चहा पाजला, आपण परदेशात मराठी ऐकलं की विरघळतोच ना. मी मास्टर्सला होते, दुसऱ्या सेमला दोन विषय राहिले, फी झेपेना, बाबांकडे परत मागायची लाज वाटत होती. तो म्हणाला ताई टेन्शन नका घेऊ, डिप्लोमाला टाकतो, फी निम्म्याहून कमी, व्हिसा तोच चालतो. मी ऐकलं आणि डिप्लोमाला गेले.

तोच चालतो म्हणे! सबक्लास ५०० वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, ८२०२ नावाची कंडिशन असते, ज्या लेव्हलच्या कोर्सवर व्हिसा मिळाला त्याच किंवा वरच्या लेव्हलला नाव हवं. मास्टर्स लेव्हल ९, डिप्लोमा ५. खाली उतरायचंय तर आधी नवा स्टुडंट व्हिसा घ्यायचा, ज्याची फी जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झाली. हे त्याला माहीत नसेल? पण अॅडमिशन झाली की कॉलेज त्याला कमिशन द्यायचं, म्हणून तर सल्ला फुकट. आणि इथे व्हिसाचा सल्ला द्यायला एकतर वकील लागतो नाहीतर रजिस्टर्ड मायग्रेशन एजंट, त्याचा मार्न नावाचा सात आकडी रजिस्ट्रेशन नंबर असतो, ऑनलाइन चेक करता येतो. ह्याच्याकडे नव्हताच आणि मी विचारलाही नाही.

काही महिन्यांनी होम अफेअर्सची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याची मेल, व्हिसा रद्द का करू नये सांगा, पाच वर्किंग डेज. साहेबांचा फोन बंद. मी रात्री जागून दोन पॅरेग्राफ रडगाणं लिहून पाठवलं, पुरावा एक नाही. व्हिसा गेला.

मग रूममेटने दुसऱ्या ऑफिसला नेलं. चहा नाही, हसणं नाही, पाऊण तासाचे २२० डॉलर आधी घेतले. मॅडमचा पहिला प्रश्न, रद्द झाल्याचं पत्र कुठल्या तारखेचं? कारण अपील २८ दिवसांत, एक दिवस उशीर झाला तर अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनललाही मुदत वाढवता येत नाही. माझे नऊ दिवस उरले होते. मी यूट्यूबवर बघून एएटी एएटी करत होते, ते जुनं ट्रिब्युनल ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं, आता त्याच्या जागी एआरटी. अपीलची फी ३,५८० डॉलर ऐकून पोटात गोळा आला, पण मॅडमनी बँक स्टेटमेंट लावून हार्डशिपखाली अर्धी करून घेतली, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी चार रात्री झोपले असते.

त्यांनी समजावलेलं म्हणजे ट्रिब्युनल सगळं नव्याने बघतं, त्यामुळे आधी न दिलेले कागदही आता देता येतात. कंडिशन मोडली हे मान्यच करायचं, पण का मोडली, मुद्दाम की चुकीच्या सल्ल्याने, रद्द झाल्याने किती नुकसान, ह्यावर भांडायचं. तर त्या पहिल्या ऑफिसातल्या माणसाचे व्हॉट्सअॅप मेसेज मी डिलीट केले नव्हते हे नशीब, सगळे तारखेसकट लावलेत. जिंकाल का विचारलं तर म्हणाल्या, तसं मी कोणालाच सांगत नाही. त्यादिवशी राग आला होता खरं तर.

तक्रारी आहेत. मेलला उत्तर तीन चार दिवसांनी. रिसेप्शनवरची मुलगी प्रत्येक वेळी केस नंबर विचारते, नाव सांगून उपयोग नाही. आणि ब्रिजिंग व्हिसा ई वर, म्हणजे निकाल लागेपर्यंत राहायला मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, मला काम करायची परवानगी नव्हती, ती वेगळी मागावी लागते हे त्यांनी दोन आठवडे उशिरा सांगितलं, तेवढे दिवस रूममेटच्या डब्यावर काढले.

सुनावणीची तारीख अजून नाही. दुसऱ्यांना चार स्टार, पहिल्याला एक, तोही चहाचा.