मिनी २ साठी घेतलेले लो-नॉइझ प्रॉप्स: आवाज कमी झाला, पण आधी वजन करा

डीजेआय कंपनीच्या मिनी २ ह्या कॅमेरा ड्रोनला दुसऱ्या कंपनीचे लो-नॉइझ प्रॉप्स (कमी आवाजाची पंख्याची पाती) लावून बरेच दिवस उडवतोय, म्हणून आता नीट लिहितो. उडायला चांगले आहेत, आवाज खरंच कमी झालाय, पण पाकीट फोडलं आणि लावले असं अजिबात करू नका. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असेच दिसणारे सेट वेगवेगळ्या नावांनी विकायला दिसतात आणि मी जे सांगतोय ते त्या सगळ्यांनाच लागू आहे.

पहिली गोष्ट आकड्याची. मिनी २ चे ओरिजिनल प्रॉप्स ४७२६, म्हणजे व्यास ४.७ इंच आणि पिच २.६ इंच. पिच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात पातं हवेत किती पुढे सरकेल त्याचं कागदावरचं माप, प्रत्यक्षात हवा निसटते त्यामुळे तेवढं सरकत नाही. डीजेआयच्याच फँटम ४ चा ९४५०, मॅविक २ चा ८७४३, सगळीकडे हीच पद्धत. मी घेतलेल्या सेटवर हा आकडा स्वच्छ छापलेला होता आणि पट्टी लावून बघितलं तर व्यास बरोबर निघाला. ज्या सेटवर आकडाच नाही, नुसतं "अपग्रेड" नाहीतर "हाय परफॉर्मन्स" लिहिलंय, तो माझ्या मते घ्यायचाच नाही.

काहीजण म्हणतात थोडं मोठं पातं लावलं की ताकद वाढते. वाढते ना, पण मोटरकडून किती मागतं ते बघा. त्याच आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांवर) व्यास नुसता ५ टक्के वाढवला तर थ्रस्ट (वर उचलणारा जोर) साधारण २१-२२ टक्के वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर जवळपास २८ टक्के, कारण थ्रस्ट व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि पॉवर पाचव्या. होव्हरला (एकाच जागी हवेत थांबलेलं असताना) हे कळत नाही कारण ड्रोन स्वतःच आरपीएम कमी करून घेतं, पण जोरात वर चढताना किंवा वाऱ्याची झुळूक आली की मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) दोन्हीवर ताण येतो, आणि फ्लाइट कंट्रोलरचं (ड्रोनला हवेत सावरणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) सगळं ट्यूनिंग मूळ पात्याच्या हिशोबाने केलेलं असतं ते वेगळंच. वेगळी पाती लावायला खरं कारण असतं तेव्हा ड्रोन बनवणारी कंपनी स्वतःच ती देते. डीजेआयचा इन्स्पायर २ ड्रोन बघा, साध्या प्रॉप्सवर २५०० मीटर उंचीपर्यंत आणि हाय-अल्टिट्यूड प्रॉप्सवर ५००० मीटरपर्यंत. ३००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशच दाट असते, त्यामुळे तिथे वेगळं पातं लागणं समजू शकतो. नेहमीच्या उडवण्यासाठी मूळ साईजच ठेवा.

मटेरियलचं म्हणाल तर हा सेट प्लास्टिकचाच आहे आणि मला तेच बरं वाटलं. कार्बन फायबरची पाती दिसायला भारी, वाकत नाहीत, पण कशाला आपटली की प्लास्टिकसारखी वाकून जोर खाऊन टाकत नाहीत, तो धक्का सरळ मोटरच्या शाफ्टला आणि बेअरिंगला जातो. शिवाय त्यांच्या कडा बोट कापतील एवढ्या कडक असतात. कॅमेरा ड्रोन कोणाच्यातरी आसपासच उडतं, त्यामुळे एवढ्या एका कारणासाठीही मी कार्बन लावणार नाही.

आता मुख्य मुद्दा, वजन. मिनी २ ला प्रत्येक मोटरवर दोन सुटी घडीची पाती, म्हणजे एकूण आठ, आणि एका मोटरवरची दोन पाती अगदी सारख्या वजनाची असायला हवीत. म्हणूनच एक पातं तुटलं तरी त्या मोटरवरची दोन्ही बदला आणि दोन्ही एकाच पाकिटातली घ्या, वेगवेगळ्या पाकिटातली एकत्र करू नका, असं डीजेआयच्या मॅन्युअलमध्येच आहे. दागिने मोजायचा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा असतो ना, त्यावर मी आधी ओरिजिनल जोडी ठेवून बघितली, फरक काहीच दिसला नाही. मग हा नवा सेट. तीन जोड्या ठीक, चौथीत एक पातं दुसऱ्यापेक्षा ०.०४ ग्रॅम जड. काटा शून्यावर आणून, पाती उलटसुलट करून परत मोजली, तेच.

०.०४ ग्रॅमने काय होणार असं वाटेल. पण मिनिटाला १०,००० फेरे धरा आणि ते जास्तीचं वजन मध्यापासून ३ सेंटीमीटरवर आहे असं धरा, तर मोटरला एका बाजूला खेचणारा जोर होतो सुमारे १.३ न्यूटन, म्हणजे १३० ग्रॅम वजन लटकवल्यासारखं, आणि हा जोर सेकंदाला १६० च्या वर वेळा दिशा बदलत फिरतोय. अख्खं ड्रोन २४९ ग्रॅमचं! गिंबलचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचे) रबर डँपर ह्यातलं बरंचसं खातात पण सगळं नाही, आणि उरलेलं फूटेजमध्ये जेलो म्हणून दिसतं, कारण सेन्सर चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात कॅमेरा थरथरला की सरळ खांबही नागमोडी दिसतो.

ती जोडी मी लावली नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की "एवढा फरक चालतो". नाही चालत. प्रॉपच्या सेटमध्ये आपण पैसे देतो ते ह्याच एका गोष्टीचे, बाकी रंग आणि पॅकिंग नंतर, आणि तीच बघितली जात नसेल तर राग येणारच. पातं घासून किंवा टेप लावून बॅलन्स करता येतं, मोठ्या सलग प्रॉप्ससाठी चुंबकाचा बॅलन्सर मिळतो आणि त्यावर ते कामही छान होतं. पण एवढ्याशा घडीच्या पात्यावर तो उद्योग मला पटत नाही, त्यापेक्षा दुसरी जोडी घ्या. त्या मोटरला मी जुनी ओरिजिनल न लावता त्याच कंपनीचं दुसरं पाकीट आणून त्यातली जुळणारी जोडी लावली, कारण चारही मोटरवर एकच डिझाईन हवं, नाहीतर एका कोपऱ्याचा थ्रस्ट वेगळा आणि ड्रोन सतत सावरत बसणार.

बसवताना. बॅटरी आधी बाहेर काढा, ड्रोन बंद आहे म्हणून ठेवू नका. दोन मोटर घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट्या, समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यात एकसारख्या. खूण असलेली पाती ड्रोनच्या खूण असलेल्या हातावर (मोटर बसवलेल्या दांड्यावर), बिनखुणेची बिनखुणेच्या. दुसऱ्या कंपनीच्या पात्यांवर ही खूण कधीकधी इतकी फिकी असते की उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही, ह्या सेटमध्येही तसंच होतं. मग कडेवरून ओळखा: जाड गोलसर कड फिरण्याच्या दिशेला पुढे, पातळ धारेसारखी कड मागे, आणि पुढची कड मागच्यापेक्षा उंच. चुकीच्या हातावर गेलं तर टेकऑफलाच ड्रोन पलटी खातं.

स्क्रू नवीन पाकिटातलेच वापरा. नव्या स्क्रूच्या आट्यांवर पकडून ठेवणारा थर असतो, एकदा काढला की तो गेला. आणि इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: जुन्या स्क्रूला बाहेरून थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या द्रवाचा) थेंब लावू नका. नेहमीचा बाटलीतला थ्रेडलॉकर धातूसाठी असतो, पॉलीकार्बोनेट किंवा एबीएससारख्या प्लास्टिकला लागला तर त्यात बारीक भेगा पाडतो, आणि ती भेग बरोबर पात्याच्या मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त ताण. स्क्रूड्रायव्हर ड्रोनबरोबर आलेलाच घ्या. ह्या सेटबरोबर आलेला डोक्यात नीट बसत नव्हता, तो मी बाजूलाच ठेवला, कारण एवढ्या बारीक स्क्रूचं डोकं गोल झालं किंवा मोटरमधले आटे गेले तर ते प्रकरण अख्खी मोटर बदलण्यापर्यंत जातं. टाईट करायचं पण हाताच्या बोटांच्या जोरावरच. नंतर पातं बोटाने हलवून बघा, सहज फिरलं पाहिजे आणि वरखाली डुगडुगता कामा नये. अडकत असेल तर फिरताना पूर्ण उघडणार नाही आणि बॅलन्स परत बिघडला.

लावल्यावर पहिलं उड्डाण उघड्या जागी, सपाट जमिनीवरून, डोक्याच्या थोडं वर होव्हर, दोन-तीन मिनिटं बास. कान देऊन ऐका, चारही मोटरचा सूर एक लागतोय का. उतरवून चारही मोटरना बोट लावा, गरम सगळ्याच असतील पण एखादीच जास्त तापली असेल तर तिथलं पातं आणि स्क्रू परत बघा. कॅमेरा चालू ठेवून एखादी इमारतीची कड किंवा खांब फ्रेममध्ये घ्या आणि नंतर मोबाईलवर नाही तर मोठ्या स्क्रीनवर बघा. माझ्या फूटेजमध्ये कडा सरळ आल्या, स्पोर्ट मोडमध्येही.

आवाजाबद्दल. मोबाईलच्या अ‍ॅपने मोजलेले डेसिबल देत नाही, त्या माईकवर माझा विश्वास नाही. पण तो डासासारखा कानात घुसणारा किणकिण सूर बसलाय, उरलाय तो जरा खालचा, हवेचा आवाज, आणि ड्रोन थोडं लांब गेलं की फरक जास्त कळतो. पात्याची टोकं मागे वळवल्यामुळे टोकावरचे भोवरे कमी होतात, त्याचा हा परिणाम. मात्र "बॅटरी जास्त टिकते" असं जे पाकिटावर आहे ते मला काही जाणवलं नाही. २०१७ साली मॅविक प्रो प्लॅटिनम ड्रोन आला तेव्हा डीजेआयने आधीच्या मॅविक प्रोपेक्षा ४ डेसिबल कमी आवाज आणि २७ च्या जागी ३० मिनिटं उड्डाण सांगितलं होतं, पण तिथे नव्या पात्यांबरोबर ईएससीही बदलले होते. नुसती पाती बदलून दोन्ही पदरात पडतील अशी अपेक्षा ठेवू नका.

वजनाचं अजून एक, बऱ्याच देशांत नियम २५० ग्रॅमच्या रेषेवर बदलतात आणि मिनी २ त्या रेषेला अगदी चिकटून आहे, त्यामुळे पाती बसवल्यावर अख्खं ड्रोन बॅटरी आणि कार्डसकट काट्यावर ठेवून बघा. माझं आत राहिलं.

कोणी घ्यावे? पक्षी-प्राणी किंवा शांत जागी शूट करणाऱ्यांनी जरूर घ्यावे. नवीन शिकणाऱ्यांनी मात्र ओरिजिनलच वापरावे, कारण शिकताना पाती सारखी बदलावी लागतात आणि दरवेळी मोजत बसणं होत नाही. ज्यांच्याकडे काटा नाही आणि आणायचाही नाही त्यांनीही ओरिजिनलच. पाचातले साडेतीन, अर्धा स्टार त्या स्क्रूड्रायव्हरसाठी आणि एक त्या चौथ्या जोडीसाठी कापला. आणि घेतलेत तर पात्याच्या मुळाशी प्लास्टिक पांढरं पडलेलं दिसलं, किंवा पुढच्या कडेला नख अडकेल एवढी खाच पडली, की त्या मोटरची जोडी त्याच दिवशी काढून टाका.