सोलमध्ये गल्लीतल्या हॉटेलात जेवायचंय? बेकबान, गुकबाप, बुन्शिक की बार्बेक्यू

सोलला निघालाय आणि म्योंगदोंगच्या, म्हणजे पर्यटकांच्या बाजारातल्या, स्टॉलवरचा महागडा लॉबस्टर खाण्यापेक्षा तिथली साधी माणसं दुपारी जिथे जेवतात तिथे जाऊन बसायचंय, तर पहिला प्रश्न हाच की नेमकं कुठल्या दारातून आत शिरायचं. पाट्या सगळ्या कोरियनमध्ये, आत सगळे एकमेकांच्या ओळखीचे वाटतात आणि आपण नवखे. माझं मत आधीच सांगून टाकते, पहिलं जेवण बार्बेक्यूला नको, बेकबानवाल्याकडे, म्हणजे भात-सूप-भाज्यांचं ताट देणाऱ्याकडे, करा.

बार्बेक्यू वाईट आहे म्हणून नाही हं. पण गोगिजिपमध्ये, म्हणजे मांस भाजून खायच्या हॉटेलात, बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोन पोर्शन घ्यावे लागतात, आणि सोलमध्ये २०० ग्रॅम सामग्योप्साल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, साधारण २०,००० वॉनच्या आसपास जातं, म्हणजे आपले बाराशे-तेराशे रुपये, एकट्याने दुप्पट कशाला भरायचे? तिघं-चौघं असाल तर मात्र संध्याकाळी जाच. कात्रीने कापलेला मांसाचा तुकडा, लसणाची पाकळी, थोडं साम्जांग, म्हणजे सोयाबीनची खारट-तिखट चटणी, सगळं लेट्यूसच्या पानात गुंडाळून एका घासात तोंडात टाकायचं, तुकडे तुकडे करून खायचं नाही.

आता बेकबान. ही तिथली खानावळच समजा. झाकणाच्या स्टीलच्या वाटीत गरम भात, एक सूप किंवा झणझणीत किमची-जिगे, म्हणजे किमचीचा रस्सा, आणि भोवती पाच-सहा बानचान, म्हणजे छोट्या वाट्यांतली तोंडीलावणी, पालक, मोड आलेलं सोयाबीन, मुळ्याची किमची, कधी छोटा तळलेला मासा. साधारण ८ ते १० हजार वॉन. नवख्या माणसाला सगळ्यात सोपं का, तर मेन्यू वाचायचीच गरज फारशी पडत नाही, आज जे केलंय ते समोर येतं, आणि बानचान संपलं की परत मागायचं, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात. चमचे-चॉपस्टिक सापडत नाहीत म्हणून गांगरू नका, टेबलाच्या कडेला ड्रॉवर असतो त्यात बघा. पाणी बऱ्याचदा आपलं आपणच घ्यायचं. कुणाला बोलवायचं तर मोठ्याने ‘योगियो’ म्हणायचं, तिथे ते उद्धट समजत नाहीत. पैसे निघताना काउंटरवर, टिप नाही.

यातलाच माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे किसा शिकदांग, टॅक्सी ड्रायव्हर लोकांची हॉटेलं. इथे एकट्याने जेवणं हीच रीत, जेवण पटकन येतं, कुणी वळून बघत नाही. सोंगबुकदोंग भागातली यासाठी प्रसिद्ध आहेत, तिथलं भाजलेल्या पोर्कचं बेकबान खायला लोक मुद्दाम जातात. फक्त वेळ सांभाळा, १२ ते १ ऑफिसवाल्यांची झुंबड असते आणि बरीच हॉटेलं दुपारी ३ ते ५ बंद ठेवतात, त्यामुळे साडेअकरा किंवा दीड उत्तम.

गुकबाप, म्हणजे सूपमधला भात, सकाळी किंवा खूप उशिरा भूक लागली तर, कारण यातली काही हॉटेलं चोवीस तास चालू असतात. काळ्या मातीच्या भांड्यात रस्सा उकळतच टेबलावर येतो, बुडबुडे फुटत असतात. आधी चव घ्या, कारण तो मुद्दाम अळणी ठेवलेला असतो, मग शेजारच्या वाटीतली बारीक खारवलेली कोळंबी थोडी थोडी घालत आपल्याला हवं तेवढं मीठ आणायचं. बुसानला गेलात तर पोर्कचा गुकबाप तिथेच खा. एकट्या माणसासाठी हे बेकबानच्या बरोबरीचं आहे, पण पोर्क-बीफ चालत नसेल तर इथे हातात फारसं काही पडणार नाही.

बुन्शिक म्हणजे तोकबोक्की (तिखट सॉसमधले तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे), किंबाप (समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात), राम्योन (इन्स्टंट नूडल्स), शाळेच्या आसपास हमखास. स्वस्त, किंबाप साधारण साडेतीन हजारांपासून. पण याला पोटभर जेवण म्हणवत नाही, संध्याकाळच्या खाण्याला ठीक. एक लक्षात ठेवा, तिथला सुंदे इंग्रजीत आइस्क्रीमच्या ‘संडे’सारखाच लिहितात, पण तो गोड नसतो, ते डुकराचं रक्त घालून केलेलं सॉसेज असतं. आणि अशा ठिकाणी ऑर्डर बऱ्याचदा किऑस्कवर असते, त्यात परदेशी कार्ड कधीकधी चालत नाही, वीस-तीस हजार वॉन कॅश खिशात असू द्या.

शाकाहारी लोकांसाठी उत्तर वेगळं आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘व्हेज मिळतं की’ असं सांगून लोक पाठवतात आणि मग माणूस उपाशी फिरतो. किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये सुकवलेल्या अँचोवी माशांचा अर्क असतो. म्हणून बेकबान इथे पहिल्या नंबरवरून खाली येतं. उन्हाळ्यात कोंगगुक्सु शोधा, सोयाबीन वाटून केलेल्या थंडगार दुधात नूडल्स. एरवी बिबिंबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मांसाशिवाय मागा आणि सोबतचं सूप बाजूला ठेवा. किंबापमधून हॅम, फिशकेक, क्रॅबस्टिक काढून देतात, अंडं चालत नसेल तर तेही सांगा. कांदा-लसूणही नको असेल तर गल्लीतलं हॉटेल सोडा आणि जोग्येसा मंदिराच्या समोर बालू गोंगयांगमध्ये मंदिरातलं जेवण जेवा, महाग आहे आणि आधी बुकिंग करावं लागतं, पण निर्धास्त जेवाल.

पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये ‘मांस, मासे, कोळंबी, यांचं सूपही नको’ असं कोरियनमध्ये करून स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि बसायच्या आधी दारातच दाखवा. आत नकारार्थी मान हलली तर नमस्कार करून पुढच्या दारात जायचं.