सोलापूर–मुंबई रात्रीचा प्रवास : फर्स्ट एसीची केबिन घ्यावी का?

सोलापूरहून रात्री मुंबईला जायचे म्हटले की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे. ग्रामदैवताचे नाव धारण करणारी ही गाडी रात्री साडेदहानंतर सोलापूर सोडते आणि सुमारे 455 किलोमीटरचे अंतर कापून सकाळच्या कामांना वेळ राहील अशा बेताने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. 10 फेब्रुवारी 2023 रोजी वंदे भारत सुरू झाल्यानंतर हेच अंतर दिवसा साडेसहा तासांच्या आसपास बसून पार करता येऊ लागले. तरी ज्याला सकाळी दहाला मंत्रालयात किंवा रुग्णालयात हजर व्हायचे आहे, त्याला रात्रीच्या गाडीशिवाय गत्यंतर नाही. स्लीपर, थर्ड एसी आणि सेकंड एसी आपल्यातल्या बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. फर्स्ट एसीच्या बंद केबिनविषयी मात्र कुतूहल अधिक आणि माहिती कमी असल्याने हे परीक्षण त्या केबिनपुरतेच आहे.

केबिनचे दोन प्रकार असतात. चार बर्थची ती केबिन आणि दोन बर्थचा तो कूपे. दोन्हींना सरकते दार असून त्याला आतून कडी लावता येते. मधला बर्थ नाही, साइड बर्थ नाही, आणि या वर्गात आरएसीही नसल्याने अर्ध्या बर्थवर अवघडून रात्र काढण्याचा प्रसंग येत नाही. बर्थ सेकंड एसीपेक्षा रुंद असतो. त्याखेरीज वाचायचा दिवा, आरसा, लहानसे टेबल, मोबाइल चार्जिंगची सोय आणि वर चढण्यासाठी शिडी, एवढाच सरंजाम. ‘फर्स्ट’ या शब्दावरून जो हॉटेलच्या खोलीची कल्पना करील त्याची निराशा होईल, कारण स्वच्छतागृह केबिनला जोडलेले नसते, ते डब्याच्या टोकाला आणि सर्वांसाठी सामाईक असते. अनेक गाड्यांना अर्धा फर्स्ट आणि अर्धा सेकंड एसी असा संयुक्त डबा जोडलेला असतो, त्यामुळे केबिनची संख्याही मोजकीच असते. जेवण भाड्यात धरलेले नसते. गाडी सुटते त्या वेळेस घरून जेवून निघणेच शहाणपणाचे; फार तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी सोबत असावी.

आता मुख्य मुद्दा. कोणती केबिन आणि कोणता बर्थ मिळणार हे फर्स्ट एसीचे तिकीट काढताना कळत नाही. तिकीट निश्चित झाल्याचे दिसते, पण क्रमांक चार्ट तयार झाल्यावरच मिळतो. आरक्षण करताना केबिन किंवा कूपे अशी पसंती नोंदवता येते, मात्र तिची हमी नसते. एकट्याने प्रवास करणाऱ्याने म्हणूनच हे गृहीत धरावे की दाराला कडी असली तरी तिच्या आत तीन अनोळखी माणसे असू शकतात, आणि त्यांच्यापैकी एखादा घोरणारा असल्यास बंद खोलीत ते घोरणे अधिकच घुमते. सेकंड एसीत पडदा ओढून जो एकांत मिळतो, तो अशा वेळी या केबिनपेक्षा फारसा कमी नसतो. भाडे मात्र दीडपटीहून अधिक पडते. माझ्या मते एकट्या प्रवाशाने हा जादा खर्च करण्याचे कारण नाही.

चौघांचे कुटुंब एकाच तिकिटावर असेल, किंवा दोघांना कूपे लाभला, तर चित्र पूर्ण पालटते. लहान मूल रात्री रडले तरी शेजाऱ्यांपुढे ओशाळावे लागत नाही, आजारी माणसाची औषधे टेबलावर मांडून ठेवता येतात, दिवा केव्हा घालवायचा हे आपले आपण ठरवता येते. मोफत सामानाची मर्यादाही या वर्गात माणशी 70 किलो आहे, स्लीपरला ती 40 किलो असते. लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा मुलांच्या वसतिगृहाचे बिऱ्हाड हलवण्यासाठी निघालेल्यांना हा फरक चांगलाच जाणवतो. पाळीव कुत्र्याला सोबत घेऊन प्रवास करायचा असेल, तर पूर्ण कूपे किंवा पूर्ण केबिन घेणे हा त्यासाठीचा नियमच आहे.

वृद्ध आई-वडिलांसाठी आरक्षण करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा राखीव कोटा स्लीपर, थर्ड एसी आणि सेकंड एसी या वर्गांत आहे. अधिक पैसे मोजले म्हणून खालचा बर्थ मिळेलच असे समजून फर्स्ट एसी घेतले आणि वरचा बर्थ वाट्याला आला, तर ती शिडी सत्तरीच्या गुडघ्यांना झेपणारी नाही.

झोपेचे म्हणाल, तर ती दोन तुकड्यांत मिळते. कुर्डुवाडी, जेऊर, दौंड ही स्थानके गाढ झोपेत मागे पडतात. अडीच-तीनच्या सुमारास पुणे येते, तेव्हा केबिनमधला कोणी तिथे उतरणारा असेल तर दिवा लागतो, बर्थखालून बॅगा ओढल्या जातात आणि सरकते दार आवाज करते; बंद केबिनचा हा तोटा पडद्याच्या डब्यात तितका भासत नाही. त्यानंतर लोणावळ्याहून कर्जतकडे भोर घाट उतरताना गाडीचा वेग उतरतो. 1863 साली खुल्या झालेल्या या घाटाचा चढ काही ठिकाणी 37 फुटांस एक फूट इतका तीव्र असल्याने मुंबईहून परतणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावतात, आणि ती जोडली जाताना बसणारा हिसका हलकी झोप असणाऱ्यास जागे केल्याशिवाय राहत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

अंथरूण-पांघरूण भाड्यातच मिळते : दोन चादरी, उशी आणि ब्लँकेट. लोकरी ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जाते असे रेल्वेमंत्र्यांनी 2024 साली लोकसभेत सांगितले होते, आणि ब्लँकेटच्या आत घेण्यासाठी जादा चादर दिली जाते असेही. ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावच्या माणसाने अशा वेळी घरची एक चादर पिशवीत टाकावी हे उत्तम. केबिनमधली हवा पहाटे बरीच गार होते, म्हणून ती वजनाने जड असली तरी वाया जात नाही.

रात्रीच्या स्लीपर बसशी तुलना अनेकजण करतात. बस घराच्या जवळून मिळते आणि तिकीट आयत्या वेळी निघते, हे खरे. पण रात्रभर स्वच्छतागृहासाठी चालकाच्या मर्जीवर आणि ढाब्याच्या थांब्यावर अवलंबून राहावे लागते. मधुमेह असणाऱ्यांना किंवा गरोदर स्त्रीला रेल्वेच सुचवावी.

आयत्या वेळच्या सोयीत मात्र केबिन अगदीच उणी पडते, कारण फर्स्ट एसीला तत्काळ कोटा नाही. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी खुले होते, तेव्हा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी मुंबईहून यायचे असल्यास तारखेचा हिशेब दिवाळीच्या आसपासच करून ठेवावा. बेत फिसकटला, तर 2025 साली गाडी सुटण्याच्या 48 तासांपूर्वी रद्द केलेल्या निश्चित तिकिटावर माणशी 240 रुपये आणि वर जीएसटी कापला जात असे.