भूप, देसकार आणि अकरा महिने: हौशी पेटीवालीला संगीतशास्त्र शिकताना काय उपयोगी पडलं

आमच्या महिला भजनी मंडळात मी अठरा वर्षं पेटी वाजवते. चाल एकदा कानावर पडली की बोटं आपसूक पट्ट्यांवर जातात. शास्त्र म्हणाल तर सरगम, थोडे अलंकार आणि चार-पाच रागांची नावं, एवढंच. गेल्या कार्तिकात काकड्याला मंडळातल्या एका काकूंनी देसकार रागाच्या अंगाची चाल लावली आणि मी सवयीने साथ करत गेले. आरती झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, सूर बरोबर आहेत तुझे, पण तू भूप वाजवलास. मी भूप म्हणत नव्हते."

सूर तर तेच पाच. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. मग मी चुकले कुठे? त्या दिवसापासून संगीतशास्त्र नीट शिकायचं ठरवलं. नोकरी आणि घर सांभाळून रोज अर्धा-पाऊण तास, असे अकरा महिने झाले. या काळात काय काय वापरलं ते लिहिते आहे, कारण सुरुवातीला असं कुणीतरी सांगायला मला हवं होतं.

पहिल्यांदा एक ऑनलाइन कोर्स घेतला. तीन महिने, साडेचार हजार रुपये. नाव लिहीत नाही. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवायच्या, पण सगळा भर व्याख्यांवर. थाट (रागांचे गट पाडणारी स्वरांची मांडणी) म्हणजे काय, जाती किती, वादी (रागातला सगळ्यांत महत्त्वाचा स्वर) कशाला म्हणतात, लिहून घ्या आणि पाठ करा. मी भूप-देसकाराचं विचारलं तेव्हा एक तक्ता आला. भूप: थाट कल्याण, वादी गंधार, संवादी (वादीखालोखाल महत्त्वाचा स्वर) धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकार: थाट बिलावल, वादी धैवत, संवादी गंधार, वेळ सकाळची. तक्त्यात चूक काहीच नाही. परीक्षेला बसणाऱ्यांना असला कोर्स चालेल. पण तो पाठ करून मी पेटीवर बसले तेव्हा बोटांनी पुन्हा भूपच वाजवला.

परीक्षेचं एक गाइडही आणलं होतं. त्याने माझे दोन आठवडे खाल्ले आणि त्याचा मला अजून राग आहे. भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या पद्धतीत, कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब. या गाइडच्या छपाईत मारव्याच्या पानावर कोमल रिषभाखालची रेघच उडालेली होती. मी मारवा शुद्ध रिषभाने वाजवत राहिले. काहीतरी बिनसलंय हे कानाला कळत होतं, पण छापलेल्यावर विश्वास ठेवला. शेवटी मूळ पुस्तक उघडल्यावर रेघ दिसली. तेव्हापासून कुठलंही स्वरलेखन दुसऱ्या एका पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय हाती घेत नाही. नवीन शिकणाऱ्यांना हे कळकळीने सांगते.

ते मूळ पुस्तक म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची 'क्रमिक पुस्तक मालिका', एकूण सहा भाग. भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, पेशाने वकील. घराण्याघराण्यांतल्या गवयांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि लिपीत बांधून छापल्या. या मालिकेतून मला सगळ्यांत जास्त मिळालं ते लक्षणगीतांतून. रागाचे नियम त्याच रागात बांधलेल्या गीतात सांगितलेले असतात, आणि त्यातली कितीतरी खुद्द भातखंड्यांनी 'चतुर' या नावाने रचलेली आहेत. तक्ता विसरतो, लक्षणगीत विसरत नाही. वादी कोणता हे आठवायला मी आता ओळ गुणगुणते आणि उत्तर सापडतं.

त्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग वाचनालयातून आणले. पुष्कळांनी ते हिंदी अनुवादात वाचलेले असतात, पण मूळ ग्रंथ आपल्या मराठीत आहे आणि गुरु-शिष्य संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, जुन्या ग्रंथांतली मतं तपासतो, गवयांमध्ये कुठे मतभेद आहेत ते मोकळेपणाने सांगतो. भाषा जुनी आहे, विषयांतर भरपूर, झपाझप वाचून होण्यासारखं नाही. मी चार महिन्यांत पहिला भाग आणि दुसऱ्याचा थोडा, एवढंच वाचलं. पण शास्त्र हे शंका विचारत विचारत उभं राहतं, हे मला इथे पहिल्यांदा दिसलं. माझीही एक शंका होती: भूपात मध्यमच नाही, मग तीव्र मध्यमाच्या कल्याण थाटात त्याला का बसवलं? आता उमगतं की दहा थाट ही रागांची सोयीची मांडणी आहे, आणि भूपाला तिथे त्याच्या चालण्यामुळे जागा मिळाली. राग ओळखायला थाटावर भिस्त ठेवली की माझ्यासारखी फसगत होते.

चालण्याचा हा भेद कानाला कळला तो 'द रागा गाइड' या पुस्तकाने. १९९९ साली निघालेलं, इंग्रजीत, सोबत चार सीडी आणि ७४ राग. प्रत्येक राग थोडक्या मिनिटांचा. कलाकार चार: बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर बुद्धदेव दासगुप्ता, आणि गायनात श्रुती सडोलीकर-काटकर व विद्याधर व्यास. तासाभराच्या मैफिलीत नवख्या माणसाला रागाचा सांगाडा दिसत नाही. इथे त्या मोजक्या मिनिटांत आलाप, बंदिश, रागाचं मुख्य चलन सगळं येतं. मी भूपाली आणि देसकार एकामागून एक लावले, पंधरा दिवस, दुसरं काही ऐकलं नाही. एका सकाळी पोळ्या लाटताना ते लख्ख कळलं. भूप गंधाराशी येऊन विसावतो, सगळा जीव सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देसकार वर धैवताला धरून असतो, तिथून पंचमावर उतरतो, आणि रिषभावर रेंगाळत नाही. तक्त्यातला 'वादी धैवत' तो हाच. हातातलं लाटणं ठेवून मी पेटीकडे गेले आणि धैवत धरून बसले. त्या दिवशी बोटांनी भूप वाजवला नाही.

इंग्रजीची अडचण असेल तर सरगम तेवढी वाचा, ऐकण्याचं काम तरीही होतं.

तानपुऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. सरावाला मी 'आय-तबला प्रो' (iTablaPro) हे अ‍ॅप वापरते. दोन तानपुरे, तबला, स्वरमंडळ, सगळं फोनवर, आणि पट्टी अगदी बारीक फरकाने वरखाली करता येते. माझी पट्टी काळी चार. एकदा अ‍ॅपवरचा तानपुरा लावला, पेटीवर गंधार दाबला आणि तोच गंधार गायला गेले, तर आवाजात आणि पेटीत एक थरथर. पंचमाला ती थरथर जवळजवळ नाही. कारण शोधलं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका भागाचे शंभर सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तानपुऱ्याच्या नादातून नैसर्गिकपणे उमटणारा गंधार साधारण ३८६ वर असतो. म्हणजे १४ सेंट खाली. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये जाऊन सैल झाली, त्या वादात हा स्वरांचा मुद्दा किती महत्त्वाचा होता ते मला या थरथरीने कळलं. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) पेटी केली ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

मी सांगलीची, त्यामुळे मिरज हाकेच्या अंतरावर. एका रविवारी तिथल्या सतारमेकर गल्लीत गेले. कारागीर एका नव्या तानपुऱ्याची जवारी (तारेचा नाद खुलवणारी घोडीवरची जुळणी) लावत होते. खर्जाची (खालच्या षड्जाची) तार छेडली की आवाज जाडसर, बंद. त्यांनी तारेखालचा दोरा, ज्याला जीव म्हणतात, नखाने केसभर सरकवला. पुन्हा छेडलं आणि आवाज उघडला, घुमत राहिला. "आता गंधार ऐका," ते म्हणाले. चार तारा, त्यांत गंधाराची एकही नाही, आणि खर्जातून स्पष्ट गंधार येत होता. स्वयंभू गंधार हा शब्द मी पुस्तकात दहा वेळा वाचला होता. तिथे, सरसाच्या वासात आणि भोपळ्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून, तो ऐकला. डोळ्यांत पाणी आलं. अ‍ॅपमध्येही तो गंधार आहे, कमी भरीव, पण आता मला तो तिथेही सापडतो. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी जवारीदार तानपुऱ्याजवळ बसावं.

पाश्चात्त्य पद्धतीचं थोडंसंच केलं. 'म्युझिकथिअरी डॉट नेट'वर धडे फुकट आहेत, आणि दोन स्वरांतलं अंतर कानाने ओळखायचा सराव उत्तम आहे. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव पक्का व्हायला त्याने मदत झाली. कॉर्ड वगैरेत मी शिरले नाही, भजनाला लागत नाहीत.

ज्यांच्याकडे पैसे आणि वेळ दोन्ही बेताचे, त्यांनी आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्यावं, मग क्रमिक मालिकेचा पहिला भाग. बाकीचं पुढे बघता येईल.

सध्या मी मारवा, पूरिया आणि सोहनी घेतले आहेत. तिन्हींचे सूर तेच सहा. पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तार सप्तकाकडे धावते, आणि मारवा षड्जाला टाळत कोमल रिषभ आणि धैवतावर तोललेला राहतो. पहिले दोन वेगळे ऐकू येतात. मारव्याचा रिषभ अजून हाती लागत नाही, षड्ज न घेता इतका वेळ थांबणं कठीण जातं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "संध्याकाळी ये, दिवे लागायच्या आधी. तेव्हा बसू."