अल्विन बटीस्टचा अल्बम, लग्नाच्या बँडवाल्याच्या कानानं ऐकलेला

पहिले सांगून देतो, मी काही जॅझचा जाणकार नाही. आर्णी-दिग्रसकडं लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवतो, लग्नसराई संपली की वावर. धुमाल (ढोल-ताशे बडवणारे मोठे ताफे) आणि डीजे आल्यापासून आमचा सिझनच आखूड झाला त्यामुळे ऐकायला टाईमच टाईम आहे, तर सध्या 'मार्सालिस म्युझिक ऑनर्स अल्विन बटीस्ट' हा २००७ चा अल्बम मोबाईलवर ऐकून राहिलो. सॅक्सोफोनवर लिहिणारे ढीगभर सापडतात, आपल्या वाद्यावर कोणी बोटभर लिहीत नाही, म्हणून मीच टाकतो.

माणूस कोण ते आधी. बटीस्ट अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवाला, जन्म १९३२ चा. त्या शहरातली रीत अशी की मयतीसोबत बँड चालतो, जाताना संथ, देवाधर्माची चाल, आणि माती देऊन परतताना एकदम उडती, मागं लोक रस्त्यानं नाचत येतात. आमच्याकडं पिकलं पान गळलं तर टाळ-मृदंगवाली भजनी मंडळी पुढं असते, एखाद्या घरचे बँडही सांगतात, पण परत येताना सगळे चूप. हे मी आमच्या मास्तरांना सांगितलं तर ते म्हणे, "मंग परतीचे पैसे अलग घेतेत का बे ते?"

तर अशा शहरातला हा पोरगा बॅटन रूजच्या सदर्न युनिव्हर्सिटीत शिकला, आणि शिकत असतानाच न्यू ऑर्लिन्सच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत, म्हणजे तिकडच्या शास्त्रीय संगीताच्या मोठ्या ताफ्यासोबत, मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्तो (एक वाद्य पुढं, बाकी ताफा साथीला अशी रचना) सोलो वाजवला. त्या ऑर्केस्ट्रासमोर सोलो वाजवणारा हा पहिला काळा माणूस. त्या काळी तिकडं दक्षिणेत काळ्यांना बसमधे, हॉटेलात, शाळेत सगळीकडं वेगळं ठेवत हे ध्यानात घ्या. १९५८ मधे रे चार्ल्स या गाजलेल्या गायकाच्या बँडसोबत दौऱ्यावर गेला, पुढं सॅक्सोफोनवाला कॅननबॉल अॅडरलीसारख्या मोठ्या लोकांसोबत वाजवलं, म्हणजे नाव करायला चान्स होता. पण भाऊनं मास्तरकीच धरली. ज्या सदर्न युनिव्हर्सिटीत शिकला तिथंच जॅझ शिकवायचा विभाग उभा केला, अन तोही १९६० च्या दशकाच्या शेवटी, जेव्हा बऱ्याच कॉलेजांना जॅझ म्हणजे दारूच्या गुत्त्यातलं संगीत वाटायचं. त्याच्याकडं शिकलेल्यांत ब्रॅनफर्ड मार्सालिस, डोनाल्ड हॅरिसन, पियानोवाला हेन्री बटलर, आणि टीव्हीवर 'अमेरिकन आयडॉल'चा जज होता तो रँडी जॅक्सन. पण याचं स्वतःचं नाव आपल्याकडं विचारा कोणाला! शिकवणाऱ्याचं असंच होते बहुतेक.

हा अल्बम त्याच ब्रॅनफर्डनं स्वतःच्या कंपनीतून काढला, जुन्या वादकांचा मान म्हणून एक सिरीज केली होती त्यातला. शिष्य जगात गाजलेला सॅक्सोफोनवाला, पण दर गाण्यात घुसला नाही. जिथं वाजवलं तिथंही गुरूच्या आडवं येत नाही, हे मला लय आवडलं. आमच्याकडं ट्रम्पेटवाल्याच्या हातात सोलो गेला की क्लॅरिनेटवाल्यानं पान खाऊन यावं एवढा वेळ मिळते.

आता खरी गोष्ट, आवाज. ज्यानं वाद्य हातात धरलं नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅक्सोफोनची मागची किल्ली दाबली की खालचा सा वरच्या सप्तकातला सा होतो, सरळ हिशोब. क्लॅरिनेटची दाबली की तेच बोट सप्तक ओलांडून वरच्या पंचमावर जाऊन पडते. त्यामुळं खालची बोटं अलग, वरची अलग, आणि मधात जो जोड आहे तिथं एका सुरावर जवळजवळ सगळी बोटं उचललेली अन पुढच्याच सुराला सगळी छिद्रं एकदम बंद करा, तिथं भल्याभल्याचा सूर फाटते नाहीतर चिरकते. बटीस्ट त्या जोडावरून असा जातो की तुम्ही कान देऊन बसलात तरी कुठून ओलांडलं ते कळत नाही. मी मुद्दाम तेवढेच तुकडे मागं घेऊन घेऊन ऐकले. बँडमधे हा जोड आम्ही ढोल अन ट्रम्पेटच्या मागं लपवतो, खोटं काऊन बोलू.

आणि त्याचे खालचे सूर. क्लॅरिनेटचा खालचा पट्टा म्हणजे चुलीवर दाटलेल्या दुधासारखा असते, पण वरातीत तो कोणाच्या कानावरच पडत नाही म्हणून आम्ही वाजवणंच सोडलं. सगळं वर, सगळं जोरात, फुंकायच्या तोंडाशी कडक पत्ती (रीड) लावायची, गाल फुगवायचे, रात्री ओठ सुजलेले. नवीन पोरं येतात त्यांना तर खाली इतका मोठा मुलूख आहे हेच माहीत नाही, कारण आम्हीच दाखवला नाही. या अल्बममधे 'ईडिथ' नावाची संथ चीज आहे, त्याच्या बायकोचं नाव ते, ती एकदा ऐका. फुंक किती कमी लागते बघा! माझ्या मते नुसती ही एक चीज नवशिक्याला महिनाभर ऐकवली तर अर्धी शिकवणी झाली, सरगम नंतर घ्या. 'स्कायलार्क' पण त्याच जातीची, जुनी प्रसिद्ध चाल, तिथं सुरावरून सुरावर घसरत जाणं आपल्या मींडेच्या फार जवळ वाटलं मला. नाट्यसंगीताच्या साथीला क्लॅरिनेट ऐकलेल्या जुन्या लोकांना लगेच पटेल.

ड्रमवर हर्लिन रायली, तोही न्यू ऑर्लिन्सचाच. त्याचा हात ऐकून आमचा ढोलवाला खाटेवरून उठून बसला अन मांडीवर ठेका धरला. गिटारवर रसेल मलोन, त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही, गोड वाजवतो.

न पटलेलं पण सांगतो. काही गाण्यांत गायक आहे, आवाज चांगला आहे माणसाचा पण मला तिथं पुढं ढकलावंसं वाटलं, क्लॅरिनेट ऐकायला आलो होतो मी. अन एकदोन चीजा अशा की सूर कुठं चालला, सम कुठं आली, पत्ताच लागत नाही, दहा वेळा ऐकल्यावर कदाचित लागेल. पाचपैकी साडेचार माझ्याकडून, अर्धा गायकाचा कापला. सीडी आपल्याकडं मिळायचा प्रश्नच नाही, मोबाईलच्या फुकटच्या अॅपवर ऐकाल तर संथ चीज संपते न संपते तोच सिमेंटची जाहिरात बोंबलते, त्याला इलाज नाही. पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका बा, खालचा सगळा पट्टा गायब होते अन पिपाणी ऐकल्यासारखं वाटते. साधा वायरवाला इअरफोन चालते.

अल्बम २००७ च्या एप्रिलमधे आला अन ६ मे ला बटीस्ट गेला. त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या जॅझ फेस्टिव्हलात त्याचा कार्यक्रम होता, ब्रॅनफर्ड अन गायक-पियानोवाला हॅरी कॉनिक ज्युनियर सोबत वाजवणार होते. कार्यक्रम रद्द नाही केला त्यायनं, त्याच्या आठवणीत वाजवला. शेवटच्या वर्षांतही तो तिथल्या कलाशाळेत पोरांना शिकवत होता.

आवडलं तर पुढं त्याचं 'क्लॅरिनेट समिट' शोधा. १९८० च्या दशकातलं, जॉन कार्टर, जिमी हॅमिल्टन, डेव्हिड मरे अन हा, चारही क्लॅरिनेटवाले, ना ढोल ना पियानो, नुसत्या चार फुंका. मला तुकडेच सापडले, पूर्ण रेकॉर्डिंग कुठं मिळत असेल तर सांगा. आमच्या मास्तरांना ऐकवायचं आहे, ते म्हणून राहिले ढोलाशिवाय बँड होऊच शकत नाही.